भेगेची वाट

कपबशी हातातून निसटली की तिचे तुकडे होतात. पितळेचा गडू पडला तर त्याला नुसता पोचा येतो. एवढा भेद घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असतो. त्याचे कारण मात्र शास्त्राला बऱ्याच उशिरा उमगले. इंग्लंडात फार्नबरो येथील विमान-संशोधन संस्थेत ए. ए. ग्रिफिथ यांनी काचेच्या तंतूंवर प्रयोग केले आणि १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात दाखवून दिले की, काच मुळात दुबळी नसते. अंगावरच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा तिचा घात करतात. चिरेच्या टोकाशी ताण एकवटतो. धातू तेथे जरा नमतो आणि ताण सैल पडतो. काच व चिनी माती यांना नमणे ठाऊकच नाही. त्यामुळे चीर एकदा धावू लागली की पलीकडची कड गाठूनच थांबते.

मग चिराच नाहीशा कराव्यात, हा सरळ मार्ग झाला. पण निर्दोष वस्तू वापरात आली की तिला पुन्हा ओरखडे हे पडणारच! निराळी युक्ती १९६४ साली कुक आणि गॉर्डन यांनी मांडली. चिरेच्या पुढे, तिच्याच दिशेने ओढणारा एक लहान ताणही असतो. मुख्य ताणाच्या सुमारे एकपंचमांश. वाटेत आडवा जोड असेल व तो पुरेसा कच्चा असेल, तर चीर पोचण्यापूर्वीच तो उकलतो. चीर त्यात शिरते आणि तिचे टोक बोथट होते. मजबुतीसाठी जोड कच्चा ठेवावयाचा, हे ऐकून कोणाही गवंड्याला हसू येईल.

मोत्याच्या शिंपल्याने मात्र ही विद्या केव्हाच साधली आहे. त्याच्या चकचकीत अस्तराचा सुमारे ९५ टक्के भाग ठिसूळ खनिजाचा. पण खनिजाच्या पातळ चकत्यांमध्ये प्रथिनांचे नाजूक थर असतात.

१९९० साली क्लेग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच कारखान्याच्या रीतीने केले. त्यांची कृती आपल्या गृहिणींना ओळखीची वाटेल, कारण ती थेट चिरोट्यांची आहे! कार्बोरंडमची, म्हणजे धार लावण्याच्या दगडातल्या द्रव्याची, पूड मळून त्यांनी पातळ पोळ्या लाटल्या. साट्याच्या जागी ग्राफाइटचा लेप दिला, पोळ्या एकावर एक रचून दाबल्या आणि प्रखर उष्णतेत भाजल्या. साधा तुकडा मोडण्यास दर चौरस मीटरमागे २८ ज्यूल ऊर्जा लागत होती. पापुद्र्यांच्या तुकड्याला ४६२५ लागली. दर थरापाशी चीर आडवी वळे आणि पुढला थर तिला नव्याने फोडावा लागे.

उणीव होती ती साट्यातच. ज्या भट्टीच्या वा इंजिनाच्या धगीसाठी हा खटाटोप, तेथील तप्त हवेत ग्राफाइट जळून जातो. म्हणून पुढच्या काळात ग्राफाइटऐवजी त्याच द्रव्याचे सच्छिद्र थर घालून पाहण्यात आले. छिद्रे जळत नाहीत.