तमाशा-कलावंतांची प्रतिमा आणि संशोधन
जुन्नर तालुक्यातील नारायणगाव हे तमाशाचे माहेरघर. गुढीपाडव्याच्या सुमारास येथे फडांच्या राहुट्या पडतात. राहुटीबाहेर फडमालकाच्या नावाचा फलक असतो. जुन्नर-आंबेगावसह दूरदूरची यात्रा कमिटीची मंडळी आत बसून घासाघीस करून सुपारी ठरवतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) याच गावच्या. राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव होऊनही त्यांची अखेर हलाखीतच झाली.

प्रत्यक्षातले जगणे असे असले, तरी सिनेमाच्या पडद्यावर तमासगिरीण बहुधा मोहात पाडणारी. ‘पिंजरा’ (१९७२) हा चित्रपट त्याचे ठळक उदाहरण. तिचे श्रम आणि जात मात्र चौकटीबाहेर. पुणे विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे (१९६४–२०१३) यांनी १९९५ च्या लेखात नेमके यावरच बोट ठेवले: लावणी उचलली गेली, लावणी करणारी बाई मागेच राहिली. सिनसिनाटी विद्यापीठातील इतिहासकार शैलजा पाईक यांनी २०२२ च्या ग्रंथात दलित तमाशा-स्त्रियांचा इतिहास ‘अश्लील’ आणि ‘माणुसकी’ या मराठी शब्दांच्याच आधारे मांडला. हे शब्द त्यांनी इंग्रजी ग्रंथातही मूळ रूपात ठेवले, हे विशेष. २०२४ मध्ये त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली.