परळचे गव्हर्नमेंट हाउस

परळचे गव्हर्नमेंट हाउस : मुंबई बेटावरील ऐतिहासिक वास्तू. मूळ जेझुइट पाद्र्यांचा मठ, नंतर गव्हर्नरचे निवासस्थान व १८९९ पासून हाफकिन संस्थेची जागा. परळ आज दाट वस्तीचा भाग आहे; परंतु त्या काळी तो किल्ल्यापासून दूर, झाडीतला ग्रामीण प्रदेश होता. साष्टीतील अंधेरी-बोरिवलीपर्यंत उपनगरे पुष्कळ पुढे सरकली.

शहराबाहेर उद्यानगृह बांधण्याची यूरोपीय प्रथा इटालियन व्हिलापासून रूढ झाली. आन्द्रेआ पाल्लाद्यो याच्या ग्रंथामुळे (१५७०) तिला शास्त्र लाभले आणि अठराव्या शतकात इंग्रज सरदारांनी ती उचलली. इटलीत व्हिलाभोवती शेती असे. मुंबईच्या इंग्रजांना मुख्यतः मोकळी हवा हवी होती.

जंजिऱ्याच्या सिद्दीने १६८९-९० मध्ये मुंबईवर स्वारी केली, तेव्हा जेझुइटांनी त्यास साहाय्य केल्याचा इंग्रजांचा आरोप होता. चार्ल्स बून गव्हर्नर असताना (१७१५–२२) मठाची मालमत्ता जप्त झाली. विल्यम हॉर्नबी हा येथे राहू लागलेला पहिला गव्हर्नर (१७७१). मौंटस्ट्यूअर्ट एल्फिन्स्टन याने (१८१९–२७) वास्तूचा विस्तार केला. १८२५ मध्ये आलेल्या बिशप हेबरने एकावर एक असलेल्या दोन प्रशस्त दालनांची नोंद केली आहे. त्यांपैकी खालचे, मेजवान्यांचे दालन म्हणजे जुने प्रार्थनामंदिर होय. धर्मगुरूला ते उदास वाटले, यात नवल नाही.

पुढे परळला गिरण्यांनी वेढले. सर जेम्स फर्ग्युसन याच्या कारकीर्दीत (१८८०–८५) त्याची पत्नी पटकीने दगावली आणि १८८५ मध्ये गव्हर्नरचे निवासस्थान मलबार पॉइंटला गेले.

मुंबईत १८९६ मध्ये प्लेगची साथ उद्भवली. वॉल्डेमार हाफकिन याने भायखळ्याच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. मागणी वाढताच १८९९ मध्ये प्रयोगशाळा या रिकाम्या प्रासादात आली. जंतूंची वाढ पोषक रसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून केली जाई. पंजाबातील मुलकोवाल येथे १९०२ मध्ये लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने मृत्यू पावली. ठपका प्रयोगशाळेवर आला व हाफकिनला पद गमवावे लागले. १९०७ मध्ये तो दोषमुक्त ठरला, पण मुंबईतील ते पद त्यास परत मिळाले नाही. संस्थेला त्याचे नाव देण्यात आले ते १९२५ मध्ये.