पावसाळ्यातले वेरूळ

वेरूळला जावे ते हिवाळ्यात, असा आपल्याकडचा प्रघात आहे. दिवाळी सरली, की शाळांच्या सहली तिकडे निघतात. पण तेथली सर्वांत जुन्या पिढीतली बौद्ध लेणी ज्यांच्या वस्तीसाठी खोदली गेली, त्या भिक्षूंना निवाऱ्याची खरी गरज होती ती पावसाळ्यात. एरवी गावोगाव हिंडावे आणि पावसाचे महिने एके ठिकाणी काढावेत, हा त्यांचा दंडक. त्यालाच वर्षावास म्हणतात. तेव्हा वेरूळचा इतिहास छत्री घेऊनच वाचावा, असे ठरवून गेल्या श्रावणातले दोन दिवस आम्ही चौघांनी त्या डोंगराला दिले.

शनिवारी खुलताबादेहून पायीच निघालो. मलिक अंबराची कबर असलेले हे पठार हिरवेगार झाले होते. येलगंगेचा ओढा पठारावरून खळाळत येतो आणि एकोणतिसाव्या लेण्याजवळ कड्यावरून खाली झेप घेतो. शेळ्या राखणारा एक पोरगा म्हणाला, "काका, बूट काढा. शेवाळावर बुटानं पाय ठरत नाही." चौघेही निमूटपणे अनवाणी झालो.

साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांनी हा डोंगर बनला आहे. त्याच्या पश्चिमेकडच्या उतारावर सुमारे दोन किलोमीटरांत बौद्ध, हिंदू आणि जैन अशी चौतीस लेणी ओळीने आहेत. सारी पावसाला सामोरी! संध्याकाळी सर वाढली, तेव्हा आम्ही पाचव्या लेण्यात शिरलो. ११७ फूट खोल दालन, मधोमध दगडी बाकांच्या दोन लांबच लांब ओळी आणि कडेला भिक्षूंच्या खोल्या. बाहेर आभाळ फाटले होते. आत मात्र आमचे बोलणे आम्हालाच मोठे वाटत होते.

रविवारी सोळाव्या लेण्यामागच्या टेकडीवर चढलो आणि काठापासून दूर राहून कैलास पाहिला. गिर्यारोहक खालून वर जातो. कैलासाचे पाथरवट वरून खाली उतरले. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, त्यांनी डोंगरात चर खणून मधला कातळ सुटा केला आणि त्यातून आधी शिखर, मग सभामंडप, शेवटी जोते असे देऊळ उतरवले. अंगण २७६ फूट लांब, १५४ फूट रुंद. मागचा कडा १०७ फूट उंच. चुकून उडालेला टवका परत बसवण्याची सोय नाही! इसवी सन ८१२ च्या बडोदे ताम्रपटात हे देऊळ पाहून देवही चकित झाले आणि खुद्द कारागीरही, असे वर्णन आहे. त्यात कवीची अतिशयोक्ती असेल. पण त्या टेकडीवर उभे राहिल्यावर ती फारशी खटकत नाही.

ज्या पावसापासून निवारा म्हणून येथे भिक्षूंसाठी छिन्नी चालली, तोच पाऊस आज या लेण्यांचा शत्रू झाला आहे. कातळाच्या भेगांतून पाणी झिरपते, दगड सुटतो, रंग पुसले जातात. १९८३ साली वेरूळ जागतिक वारसा ठरले खरे. पण पाण्याला वाट काढून देण्याचे काम दर वर्षी नव्याने करावे लागते. वाचकहो, श्रावणात वेरूळला जरूर जा. चढायची हौस असेल तर सह्याद्रीचे कडे मोकळे आहेत; कोरीव दगडावर मात्र पाय नको. बाराशे वर्षे त्याने पावसाचा मारा सोसला आहे, तेवढा पुरे.