शृंगार, सौभाग्य आणि संशय : स्त्रीच्या प्रसाधनाकडे पाहण्याची दृष्टी (तंजावर ते चेन्नई)

2024 सालच्या सप्टेंबर महिन्यात चेन्नई महानगरपालिकेतील एका बदलीची बातमी देशभर वाचली गेली. महापौरांच्या कार्यालयातील दफेदार या पदावर काम करणाऱ्या पहिल्या स्त्रीची बदली शहराच्या उत्तरेकडील मणली विभागात झाली होती. ऑगस्टमध्ये तिला जे ज्ञापन देण्यात आले, त्यात वेळेवर न येणे, वरिष्ठांच्या सूचनांचे पालन न करणे असे आक्षेप होते. उत्तरादाखल तिने लिहिले की, आपल्याला लिपस्टिक लावू नये असे सांगण्यात आले होते आणि ते आपण मानले नाही. हा अपराध असेल तर तशी मनाई करणारा शासनादेश दाखवावा. लिपस्टिकच्या रंगाबाबत सूचना दिली गेली होती, परंतु बदलीचा तिच्याशी संबंध नाही, असे महापौरांच्या बाजूने सांगण्यात आले. या वादात कोणाची बाजू खरी, याचा निवाडा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. अभ्यासकाचे लक्ष वेधून घेते ती तिची मागणी. स्त्रीने कसे नटावे, किती नटावे आणि कधी नटू नये याविषयी आपल्या समाजात नियमांची कधीच वाण नव्हती. मात्र ते नियम लेखी दाखवा, असे क्वचितच कोणी म्हटले होते.

मराठी भाषेतच या प्रश्नाची गुंतागुंत साठवलेली आहे. ‘शृंगार’ या एकाच शब्दाने आपण साजही दाखवतो आणि रसही. ‘नटणे’ या क्रियापदाचे नाते ‘नट’ या शब्दाशी आहे. त्यामुळे नटणारी स्त्री कोणासमोर तरी काही वठवते आहे, ही शंका शब्दातच दडलेली असते. ‘नटवी’ म्हणताना ती शंका उघड होते. दुसरीकडे ‘कुंकू’ हा शब्द प्रसाधनाचा न राहता थेट पतीचा वाचक होतो. म्हणजे चेहऱ्यावरचा एक रंग पावित्र्याची खूण ठरतो, तर दुसरा रंग चारित्र्याविषयी प्रश्न उभा करतो. ही विभागणी कोणी आणि कशी केली, हे पाहण्यासाठी तंजावर आणि मद्रास यांचा इतिहास विशेष उपयोगी आहे, कारण तेथे मराठी आणि तमिळ या दोन्ही समाजांचे धागे एकत्र आले आहेत.

तंजावरला भोसले घराण्याची सत्ता 1676च्या सुमारास स्थापन झाली आणि 1855 पर्यंत ती कोणत्या ना कोणत्या स्वरूपात टिकली. दुसरे सरफोजी (कारकीर्द 1798–1832) यांच्या दरबारी चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलु या चार बंधूंनी नृत्याच्या कार्यक्रमाला जी क्रमबद्ध रचना दिली, तीच पुढे भरतनाट्यमचा पाया ठरली. हे नृत्य सादर करणाऱ्या स्त्रिया देवदासी होत्या. देवाशी लग्न लागल्यामुळे देवदासीला वैधव्य नसे. ती ‘नित्यसुमंगली’ मानली जाई. तिच्या कपाळीचे कुंकू पुसले जाणार नव्हते, म्हणूनच मंगलकार्यात तिची उपस्थिती शुभ समजत. तिचे प्रसाधन एकाच वेळी पूजेचा भाग होते, कलेतील आहार्य अभिनयाचा भाग होते आणि दरबाराच्या वैभवाचा भागही होते. ज्या देवळात देवीला चंदनाचा लेप देऊन अलंकारांनी मढवायचे, त्याच देवळाच्या मंडपात हीही सजून उभी राहत असे. परंतु येथे एक गोष्ट विसरता येत नाही. हा मान तिने निवडलेला नव्हता. तिच्या लहानपणी इतरांनी तो तिच्यावर घातलेला होता.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या प्रसाधनाचा अर्थ पार पालटला. 1893 मध्ये मद्रासच्या हिंदू समाजसुधारकांनी व्हाइसरॉय आणि गव्हर्नर यांना निवेदन पाठवून नाचाच्या समारंभांना उपस्थित न राहण्याची विनंती केली. पुढे डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांनी 1927 मध्ये मद्रास विधान परिषदेत देवदासी प्रथेविरुद्ध ठराव मांडला आणि 1947 मध्ये मुली वाहण्यास बंदी करणारा कायदा झाला. मुंबई इलाख्यात असा कायदा 1934 मध्येच झाला होता. मुथुलक्ष्मी रेड्डी यांची आई स्वतः देवदासी घराण्यातील होती. त्यामुळे त्यांच्या भूमिकेला केवळ सोवळेपणा म्हणून बाजूला सारता येत नाही. मुलींच्या शोषणाचे त्यांना जवळून भान होते. तरीही या चळवळीचा एक अनपेक्षित परिणाम झाला. प्रथेचा निषेध होता होता प्रथेतील स्त्रीच्या चेहऱ्यावरचा रंगही निषिद्ध ठरला. कुलीन स्त्रीने ‘तिच्यासारखे’ दिसू नये, हा संकेत कोणत्याही कायद्यात लिहिलेला नव्हता, पण कायद्यापेक्षा तो अधिक काटेकोरपणे पाळला गेला.

याच काळातील एक विसंगती उद्बोधक आहे. स्त्रीच्या तोंडावरचा रंग संशयास्पद ठरत असताना पुरुषाच्या तोंडावरचा तोच रंग प्रतिष्ठित होत होता. 1891 मध्ये मद्रासला स्थापन झालेल्या सुगुण विलास सभेत सुशिक्षित, पदवीधर गृहस्थ नाटके करीत आणि स्त्रीभूमिकाही पुरुषच वठवीत. 1930च्या सुमारास ई. कृष्ण अय्यर हे पेशाने वकील असलेले गृहस्थ स्त्रीवेष धारण करून देवदासींचे नृत्य स्वतः सादर करीत. या कलेविषयीची घृणा दूर व्हावी, हा त्यांचा उद्देश होता. महाराष्ट्रात याचे सर्वांत तेजस्वी उदाहरण म्हणजे बालगंधर्व. नारायण श्रीपाद राजहंस (1888–1967) यांची साडी नेसण्याची ढब, केसांतील गजरा, दागिन्यांची निवड यांचे अनुकरण घरंदाज स्त्रिया करीत, ही गोष्ट आपल्या नाट्येतिहासाने वारंवार नोंदवली आहे. नटीकडून जे उचलणे लाजिरवाणे ठरले असते, ते नटाकडून उचलणे सुसंस्कृतपणाचे ठरले. यावरून आक्षेप रंगाला नव्हता, हे स्पष्ट होते. ज्या चेहऱ्यावर तो रंग आहे त्या चेहऱ्यावर मालकी कोणाची, हा खरा प्रश्न होता.

स्त्रियांनी रंगमंचावर स्वतःचे स्थान मिळवले तेव्हा त्यांना ही मालकी वाटाघाटीने मिळवावी लागली. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी 1935 मध्ये अड्यार येथे जाहीर नृत्य केले आणि 1936 मध्ये पुढे ‘कलाक्षेत्र’ म्हणून ओळखली गेलेली संस्था स्थापन केली. मंदिरशिल्पांच्या आधारे त्यांनी वेशभूषेची नवी मांडणी केली, तसेच शृंगारापेक्षा भक्तीवर भर दिला. देवदासी परंपरेतून आलेल्या बालसरस्वती यांना हे मान्य नव्हते. 1975 मध्ये मद्रासला तमिळ इसै संघाच्या परिषदेत अध्यक्षपदावरून बोलताना त्यांनी शृंगार हाच या नृत्याचा श्रेष्ठ भाव असल्याचे प्रतिपादन केले. एकीने नव्या समाजासाठी दार उघडले. दुसरीने त्या दाराशी काय उतरवून ठेवावे लागले याची आठवण दिली.

चित्रपटाने हाच प्रश्न अधिक मोठ्या समुदायासमोर आणला. प्रभातच्या ‘कुंकू’ (1937) या चित्रपटात शांता आपटे यांनी जरठ पतीशी लग्न लावून दिलेल्या तरुणीचा विद्रोह साकारला. सौभाग्याची खूण कपाळी असूनही सौभाग्य नाही, हा त्या चित्रपटाचा गाभा होता. 1941 मध्ये त्याच शांताबाई ‘सावित्री’ या तमिळ चित्रपटात सावित्री झाल्या आणि त्यासाठी त्यांनी तमिळ शिकून घेतले. त्याच चित्रपटात एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनी नारदाची, म्हणजे पुरुषाची भूमिका केली. मराठी अभिनेत्री तमिळ पतिव्रता होते आणि तमिळ गायिका पुरुषवेष घेते. रंगभूषेचे स्वरूप मुळातच असे परिवर्तनशील आहे. प्रेक्षकाला मात्र पडद्याबाहेर स्थिर अर्थ हवा असतो. अभिनेत्रीच्या वाट्याला लोकप्रियता येते, तिच्याविषयीचा संशयही येतो. ‘जाऊ मी सिनेमात?’ हे शांताबाईंच्या पुस्तकाचे नावच प्रश्नार्थक असावे, हे अर्थपूर्ण आहे.

बाजारपेठेने या संशयाला उतार दिला, हे मान्य करावे लागते. मुंबईत 1919 मध्ये आलेला ‘अफगाण स्नो’ आणि टाटा समूहाने 1952 मध्ये सुरू केलेली ‘लॅक्मे’ यांच्यामुळे प्रसाधन मध्यमवर्गीय घरातील आरशापर्यंत पोहोचले. पण बाजाराने जुना दंडक मोडला आणि नवा दंडक घातला. 1975 मध्ये ‘फेअर अँड लव्हली’ हे मलम आले, तर 1998 मध्ये चेन्नईच्या केविनकेअरने केशराचा आधार घेत ‘फेअरएव्हर’ आणले. उजळ रंग म्हणजे सौंदर्य, हा वर्ण आणि जात यांच्या उतरंडीतून आलेला समज या जाहिरातींनी पक्का केला. 2020 मध्ये पहिल्या मलमाच्या नावातील ‘फेअर’ हा शब्द गळाला. समज तितक्या सहज गळत नाही. म्हणून ‘स्त्री स्वतःसाठी नटते’ हे आजचे आवडते विधान पूर्ण खरे मानता येत नाही आणि ‘स्त्री पुरुषासाठी नटते’ हे जुने विधान तर त्याहून अपुरे आहे. आनंद, सवय, व्यवसायाची गरज, आत्मविश्वास, समाजाचा धाक हे सारे एकाच बोटाने कपाळाला लागत असते.

अशा गुंत्यात फरक पडतो तो नियम उजेडात आल्याने. मुंबईच्या चित्रपटव्यवसायातील संघटना सुमारे सहा दशके स्त्रियांना रंगभूषाकार म्हणून सदस्यत्व देत नव्हती. स्त्रीने केशभूषा करावी, रंगभूषा पुरुषाने करावी, असा तेथील रिवाज होता. ज्या रंगावरून स्त्रीला बोल लावला जाई, तो रंग लावण्याचे अर्थार्जन मात्र पुरुषासाठी राखीव होते. चारू खुराणा प्रकरणात 10 नोव्हेंबर 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही अट घटनाबाह्य ठरवली. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्यास सांगणारे परिपत्रक काढले. ठरावाने मनातील शुभाशुभाची कल्पना एका दिवसात नाहीशी होत नाही. मात्र ‘रीतच आहे’ असे म्हणून जे वादाबाहेर ठेवले होते, ते ठरावामुळे वादात येते.

या पार्श्वभूमीवर चेन्नईच्या त्या दफेदार स्त्रीच्या उत्तराचे महत्त्व लक्षात येते. नित्यसुमंगलीचे कुंकू, विधवेचे रिकामे कपाळ, नटीचा रंग आणि कर्मचारी स्त्रीचे ओठ यांबाबतचे नियम परस्परविरोधी होते. त्या सर्वांत समान होती ती एकच गोष्ट, त्यांचे अलिखित असणे. अलिखित नियम मोडल्याची शिक्षा होते, पण त्याविरुद्ध दाद मागता येत नाही. लेखी आदेश मागणे म्हणजे त्या नियमाला त्याच्या कर्त्याचे नाव विचारणे होय. तंजावरच्या मंडपात उभ्या असलेल्या मुलीला तो प्रश्न विचारण्याची मुभा नव्हती. आज तो विचारला जातो आणि त्याचे उत्तर नेमके कोणी द्यावे हे कोणालाच सांगता येत नाही. प्रसाधनाच्या इतिहासाने आपल्याला काही दिले असेल, तर ती ही अडचण होय, आणि ती स्वागतार्ह आहे.