घोडबंदर रोड एवढा का तुंबतो? घोड्यांच्या बंदरापासून मेट्रोपर्यंतची स्टोरी

ठाण्यात राहणाऱ्या कुणालाही विचारा, "बोरिवलीला जायला किती वेळ लागतो?" उत्तर किलोमीटरमध्ये मिळत नाही. उत्तर मिळतं, "गायमुखला काय परिस्थिती आहे त्यावर." ठाणेकरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी सकाळी गुड मॉर्निंगच्या आधी "घोडबंदर जॅम आहे का?" हा मेसेज येतो. पावसाळ्यात तर यावर मीम्सचा वेगळा पाऊस पडतो.

पण हा रस्ता नेमका कुठून कुठे जातो? बंदर कुठेच दिसत नाही, घोडे तर नाहीतच, मग नाव घोडबंदर का? आणि एवढे उड्डाणपूल बांधूनही तो मोकळा का होत नाही? एकेक करून बघू.

आधी रस्ता समजून घेऊ

सरकारी कागदांवर घोडबंदर रोड म्हणजे राज्य महामार्ग क्रमांक ४२. लांबी साधारण वीस किलोमीटर. ठाण्यातल्या माजिवडा-कापूरबावडी भागात तो सुरू होतो. मुंबईहून आलेला पूर्व द्रुतगती महामार्ग इथे संपतो आणि नाशिककडे जाणारा महामार्ग इथूनच पुढे निघतो.

कापूरबावडीपासून पश्चिमेकडे निघालात की मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळे, भाईंदरपाडा अशी नावं लागतात. आज इथे टॉवर दिसतात, पण 'पाडा' शब्दच सांगतो की या मूळच्या छोट्या वस्त्या आहेत. पुढे नागला बंदर आणि गायमुख येतं. गायमुखला ठाणे शहराचा पसारा संपतो आणि घाट सुरू होतो. घाट उतरल्यावर मिरा-भाईंदरच्या हद्दीतलं काजूपाडा आणि चेणे लागतं. शेवटी वर्सोवे पुलाजवळ, लोक ज्याला फाउंटन हॉटेलचा नाका म्हणतात तिथे, हा रस्ता मुंबई-अहमदाबाद महामार्गाला मिळतो. घोडबंदर गाव इथेच, खाडीच्या काठावर आहे.

म्हणजे ज्या गावाचं नाव या रस्त्याला आहे, ते रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. जुन्या काळी रस्त्याला तो जिथे पोहोचतो त्या गावाचं नाव मिळायचं, तसंच हे झालं.

मग बांद्र्याचा घोडबंदर रोड कुठला?

जुन्या मुंबईकरांच्या तोंडी अजून एक घोडबंदर रोड असतो. बांद्रा, खार, सांताक्रूझ, अंधेरी, मालाड करत बोरिवलीकडे जाणारा एस. व्ही. रोड, म्हणजे स्वामी विवेकानंद मार्ग. त्याचं जुनं नाव घोडबंदर रोडच होतं. कारण तेच, तो रस्ताही उत्तरेला घोडबंदरकडेच जायचा.

१८४० च्या दशकात माहीमचा कॉजवे बांधला गेला आणि मुंबई बेट बांद्र्याला रस्त्याने जोडलं गेलं. या कामासाठी जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी अवाबाई यांनी मोठी देणगी दिली होती. मुंबईहून माहीम, बांद्रा आणि पुढे थेट घोडबंदर असा सलग रस्ता त्यामुळे शक्य झाला. एक रस्ता बांद्र्याकडून, दुसरा ठाण्याकडून, आणि दोघांचं टोक एकच. पुढे बांद्र्याच्या रस्त्याचं नाव बदललं. ठाण्याचं तेच राहिलं.

बंदर आणि घोडे

आता मूळ नावावर येऊ. नकाशा उघडून बघा. मुंबईची उपनगरं आणि ठाणे ज्या मोठ्या बेटावर वसली आहेत ते म्हणजे साष्टी. कल्याणकडून येणारी उल्हास नदी ठाण्याजवळ दुभंगते. एक फाटा ठाण्याच्या खाडीकडे वळतो आणि मुख्य प्रवाह पश्चिमेला वसईच्या खाडीतून समुद्राला मिळतो. या खाडीचा दक्षिण काठ म्हणजेच साष्टीची उत्तरेकडची कड. घोडबंदर रोड याच कडेने जातो.

कल्याण हे फार जुनं बंदर. कल्याण, ठाणे आणि वसई या खाडीनेच एकमेकांशी जोडलेले होते. म्हणजे त्या काळचा खरा महामार्ग पाण्याचा होता आणि घोडबंदर त्यावरचा एक थांबा.

१५३४ च्या वसईच्या तहात गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने हा मुलूख पोर्तुगीजांना दिला. पोर्तुगीजांनी घोडबंदरच्या टेकडीवर किल्ला बांधला. त्याचे अवशेष आजही बघायला मिळतात. अरब व्यापाऱ्यांचे घोडे इथे उतरायचे, त्यांचा व्यापार चालायचा, आणि त्यावरूनच 'घोड्यांचं बंदर' म्हणजे घोडबंदर हे नाव पडलं, असं सांगितलं जातं.

पुढे १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे आणि साष्टी घेतली. दोन वर्षांनी, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला काबीज केला आणि साष्टी त्यांच्याकडे गेली. १७८२ च्या सालबाईच्या तहाने त्यावर शिक्कामोर्तब झालं.

एवढ्या सत्ता या चिंचोळ्या काठासाठी का भांडत होत्या? कारण खाडीवर ज्याचा ताबा, त्याचा कल्याण-ठाणे-वसई या सगळ्या व्यापारावर डोळा. जागा अडचणीची होती म्हणूनच महत्त्वाची होती. गंमत म्हणजे आजच्या ट्रॅफिकचं मूळही याच अडचणीत आहे.

एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी

ठाण्याहून बोरिवलीकडे निघालं की डाव्या हाताला येऊरचे डोंगर आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं हे जंगल ठाणे आणि बोरिवलीच्या बरोबर मध्ये बसलंय. उजव्या हाताला खाडी आणि तिवरं. मधे जी पट्टी उरते तिच्यातून हा रस्ता जातो. गायमुखला तर डोंगर थेट खाडीपर्यंत येतो, म्हणून तिथे घाट आहे.

म्हणजे ठाणे आणि बोरिवली सरळ रेषेत अगदी शेजारी आहेत, पण मध्ये जंगल असल्यामुळे पूर्ण वळसा घालावा लागतो. रेल्वेचं तर विचारूच नका. ठाणे मध्य रेल्वेवर, बोरिवली पश्चिम रेल्वेवर. लोकलने जायचं तर आधी खाली दादरपर्यंत जा, गाडी बदला आणि पुन्हा वर या. म्हणून ठाणे-बोरिवली बसला कायम गर्दी.

याच जंगलामुळे आणखी एक गोष्ट घडते. रात्री रस्ता ओलांडणारे बिबटे इथे वाहनांच्या धडकेत मेलेत. आपल्यासाठी तो हायवे आहे, त्यांच्यासाठी डोंगर आणि खाडीच्या मध्ये आलेली भिंत.

वस्ती कशी वाढली?

१९७०-८० च्या दशकात या पट्ट्याची ओळख होती शेती, मिठागरं, गावठाणं आणि बाळकुम-कोलशेत भागातले रासायनिक कारखाने. १९८२ मध्ये ठाणे महापालिका झाली. नंतर एकेक कारखाना बंद होत गेला, मुंबईतली घरं आवाक्याबाहेर गेली आणि बिल्डरांची नजर इकडे वळली. समोर डोंगर, मागे खाडी, मुंबईपेक्षा कमी भाव. जाहिरातीला आणखी काय पाहिजे?

२००० नंतर रस्त्याचं चौपदरीकरण झालं, टोल बसला, मग कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा आणि वाघबीळला उड्डाणपूल आले. रस्ता रुंद झाला म्हणून घरं वाढली, घरं वाढली म्हणून रस्ता पुन्हा अपुरा पडला. पण या सगळ्या कॉम्प्लेक्सना बाहेर पडायला मुख्य रस्ता एकच राहिला.

एक रस्ता, तीन नोकऱ्या

जॅमचं खरं कारण हे आहे. घोडबंदर रोड एकाच वेळी तीन वेगवेगळी कामं करतो.

पहिलं काम गल्लीचं. इथल्या लाखो लोकांची शाळा, दवाखाना, भाजी, स्टेशन, सगळं याच रस्त्यावरून.

दुसरं काम जोडरस्त्याचं. पूर्व उपनगरं आणि ठाणे यांना मिरा-भाईंदर, वसई-विरार आणि बोरिवलीशी जोडण्याचं.

तिसरं काम मालवाहतुकीचं. उरणजवळच्या जेएनपीए बंदरातून गुजरातकडे जाणारे कंटेनर कळंबोली, शिळफाटा, मुंब्रा बायपास, माजिवडा करत याच रस्त्याने अहमदाबाद महामार्गाला लागतात.

म्हणजे पोराला शाळेत सोडणारी स्कूटर आणि चाळीस फुटी कंटेनर एकाच लेनमध्ये. गायमुख घाटाच्या चढावर एक ट्रेलर बंद पडला की मागे रांग लागते. डोंगरातून येणारं पाणी घाटातलं डांबर टिकू देत नाही. दुरुस्तीसाठी घाट बंद ठेवला की वाहतूक भिवंडी, अंजूरफाटा, कामण, चिंचोटी अशी वळवतात आणि मग तिकडचे लोक अडकतात.

त्यात रस्ता एक, मालक अनेक. ठाणे महापालिका, मिरा-भाईंदर महापालिका, सार्वजनिक बांधकाम विभाग, एमएमआरडीए, वनविभाग आणि शेवटच्या टोकाला राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण. खड्डा पडला की तो कुणाच्या हद्दीत आहे हेच आधी शोधावं लागतं. रुग्णवाहिका अडकते तेव्हा मात्र आतल्या पेशंटला हद्द कुणाची याने काही फरक पडत नाही. खड्डे आणि अवजड वाहनांच्या विरोधात रहिवासी रस्त्यावर उतरतात ते म्हणूनच.

मग उपाय काय चालू आहेत?

प्रोजेक्ट भरपूर आहेत. पण प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा, हा त्या तीन कामांपैकी कुठलं काम कमी करणार?

मेट्रो ४ आणि ४अ: वडाळा ते कासारवडवली साधारण ३२ किलोमीटर आणि पुढे गायमुखपर्यंत. सप्टेंबर २०२५ मध्ये गायमुख ते विजय गार्डन या टप्प्यात चाचणी झाली. याचा फायदा पहिल्या कामाला, म्हणजे स्थानिक प्रवाशांना.

ठाणे-बोरिवली जुळे बोगदे: राष्ट्रीय उद्यानाच्या खालून, टिकुजिनीवाडी ते मागाठाणे. एकूण लांबी ११.८ किलोमीटर, जुलै २०२४ मध्ये भूमिपूजन. यामुळे बोरिवलीचा वळसा वाचेल, म्हणजे दुसरं काम कमी होईल. पण बोगद्याचं ठाण्याचं तोंड मानपाड्याजवळच आहे, त्यामुळे तिथवर यायला बऱ्याच जणांना घोडबंदर रोडच लागणार.

बाळकुम-गायमुख खाडीकिनारा मार्ग: खाडीच्या बाजूने समांतर रस्ता. जड वाहनं आणि थेट पुढे जाणाऱ्यांना शहराबाहेरून काढण्यासाठी. मात्र तो गायमुखलाच संपतो, म्हणजे घाटाच्या पायथ्याशी.

गायमुख-फाउंटन बोगदा: घाट टाळण्यासाठी. पण त्याची निविदा वादात सापडली आणि २०२५ मध्ये ती प्रक्रियाच रद्द झाली.

सेवा रस्त्यांचं विलीनीकरण: कडेचे सेवा रस्ते मुख्य रस्त्यात मिसळून लेन वाढवायच्या. पण मग सोसायटीच्या गेटमधून निघालेली गाडी थेट हायवेवर येते. रहिवाशांचा आक्षेप आहे तो याच गोष्टीला.

तिसऱ्या कामाचं, म्हणजे कंटेनरचं मोठं उत्तर ठाण्याच्या बाहेर आहे. वडोदरा-मुंबई द्रुतगती मार्ग बदलापूर, पनवेलमार्गे जेएनपीएच्या दिशेने जाणार आहे. तो पूर्ण झाला तर गुजरातच्या ट्रकना ठाणे शहरात शिरायची गरज उरणार नाही. तोपर्यंत अवजड वाहनांना ठरावीक वेळेत बंदी आणि रात्री सोडणं, एवढाच मार्ग वाहतूक पोलिसांच्या हातात आहे.

थोडक्यात काय?

कल्याणचा माल ज्या पाण्यावरून वसईकडे जायचा, त्याच पाण्याच्या काठाने आज कंटेनर गुजरातला जातात. डोंगर आणि खाडी आपापल्या जागी आहेत, आणि दोन्ही तिथेच राहायला हवेत. त्यामुळे मधली पट्टी हवी तेवढी रुंद होणार नाही. या रस्त्याला आणखी एक लेन मिळाली तर थोडा श्वास मिळेल, पण त्याच्या तीनपैकी किमान एक काम दुसऱ्या कुणी उचललं तरच तो खरा मोकळा होईल.

पुढच्या वेळी घोडबंदरवर नवीन प्रोजेक्टची बातमी आली की तो किती कोटींचा आहे एवढंच बघू नका. तो कुणाला या रस्त्यावरून बाजूला काढतोय, ते विचारा.