ग्वांगझू २०१० : महिलांच्या दहा हजार मीटर शर्यतीतील भारताचे दुहेरी यश

चीनमधील ग्वांगझू येथे झालेल्या सोळाव्या आशियाई क्रीडा स्पर्धेत २१ नोव्हेंबर २०१० रोजी महिलांच्या दहा हजार मीटर शर्यतीत पहिले दोन्ही क्रमांक भारताने मिळवले. केरळच्या प्रीजा श्रीधरन यांनी ३१ मिनिटे ५०.४७ सेकंद अशी वेळ नोंदवून राष्ट्रीय विक्रमासह सुवर्णपदक जिंकले. महाराष्ट्राच्या कविता राऊत ३१ मिनिटे ५१.४४ सेकंदांत रौप्यपदकाच्या मानकरी ठरल्या. कांस्यपदक बहारीनच्या शिताये एशेते यांना मिळाले.

या स्पर्धेत महिलांसाठी दहा हजार मीटर शर्यतीचा समावेश १९८६ च्या सोल स्पर्धेपासून झाला. तेव्हापासून २००६ पर्यंतची सहाही सुवर्णपदके चीन किंवा जपानकडे गेली होती. ग्वांगझूत मात्र यजमान चीन आणि जपान या दोघांनाही या शर्यतीत एकही पदक मिळाले नाही.

चारशे मीटरच्या धावपट्टीवर पंचवीस फेऱ्यांची ही शर्यत. प्रीजा यांच्या वेळेचा हिशेब केला तर प्रत्येक फेरीस सरासरी ७६.४ सेकंद लागले. एवढ्या अंतरानंतर सुवर्ण आणि रौप्य यांच्यात जेमतेम ९७ शतांश सेकंदांचे अंतर राहिले, तर तिसऱ्या क्रमांकाची धावपटूही विजेतीपासून तीन सेकंदांच्या आत होती.

या यशाचे मोल कळण्यासाठी सहा आठवडे मागे जावे लागते. ८ ऑक्टोबर रोजी दिल्लीतील राष्ट्रकुल स्पर्धेत केनियाच्या ग्रेस मोमानी आणि डोरिस चांगेवो यांच्या मागोमाग कविता राऊत यांनी ३३ मिनिटे ५.२८ सेकंदांत कांस्यपदक पटकावले होते. राष्ट्रकुल स्पर्धेतील धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीत भारतीय महिलेचे ते पहिलेच पदक. घरच्या प्रेक्षकांसमोर मिळालेल्या त्या पदकाचे कौतुकही मोठे झाले आणि ते रास्तच होते. पण घड्याळाची साक्ष काढली तर ग्वांगझूची धाव कितीतरी सरस ठरते. ४४ दिवसांत कविता यांची वेळ सुमारे ७४ सेकंदांनी, म्हणजे दर फेरीमागे जवळजवळ तीन सेकंदांनी सुधारली. ग्वांगझूतील त्यांची रौप्यपदकाची वेळ दिल्लीतील सुवर्णविजेतीच्या ३२ मिनिटे ३४.११ सेकंदांपेक्षाही सरस होती. पदकाच्या शर्यतीत वेळेपेक्षा डावपेच महत्त्वाचे असतात, हे मान्य करूनही हा फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही.

नाशिक जिल्ह्यातील सावरपाडा या आदिवासी पाड्यातून आलेल्या कविता यांना ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ हे नाव पडले, ते आजही कायम आहे. प्रीजा इडुक्की जिल्ह्यातील. दोघींनाही बेलारूसचे प्रशिक्षक निकोलाय स्नेसारेव यांचे मार्गदर्शन लाभले होते. त्याच दिवशी तीन हजार मीटर स्टीपलचेस शर्यतीत सुधा सिंग यांनीही सुवर्णपदक जिंकले.

पाच दिवसांनी पाच हजार मीटरमध्ये दोघी पुन्हा पदकमंचावर आल्या. बहारीनच्या मिमी बेलेते अवघ्या ३० शतांश सेकंदांनी पुढे राहिल्या. प्रीजा यांना १५ मिनिटे १५.८९ सेकंद या वेळेसह रौप्य, तर कविता यांना कांस्यपदक मिळाले. पाच हजार मीटरचे आशियाई सुवर्ण भारतीय महिलेच्या हाती येण्यास २०२३ साल उजाडावे लागले. हांगझूत पारुल चौधरी यांनी १५ मिनिटे १४.७५ सेकंदांत ते जिंकले.