पदवीधराचा पगार: गोवा, बंगळुरू, दुबई, लंडन

साखळी, डिचोली किंवा विर्नोड्याच्या कॉलेजातून मुलगा-मुलगी पदवीधर झाली की घरात एक प्रश्न हमखास निघतो. इथेच राहावे, पुणे-बंगळुरू गाठावे, की आखात-इंग्लंडची वाट धरावी? बहुतेक जण परदेशी पगाराला विनिमय दराने गुणून मोकळे होतात. हा हिशेब अर्धाच आहे.

इंग्लंडचे उदाहरण घेऊ. वर्षाला ३५,००० पौंड पगार धरा. तिथे पहिल्या १२,५७० पौंडांवर कर नाही. वरच्या रकमेतून २० टक्के प्राप्तिकर आणि ८ टक्के राष्ट्रीय विमा जातो. पेन्शनची वर्गणी धरली नाही तरी हाती महिन्याला सुमारे २,३९० पौंड येतात. पौंड ११० रुपये धरल्यास २ लाख ६३ हजार. पण खोलीचे भाडे, बस, भाजी हे सगळे तिथल्याच भावाने. दोन देशांतील किमती ताडून जागतिक बँक खरेदीशक्तीचे गुणोत्तर काढते. त्या मापाने पौंड आपल्या ३० ते ३५ रुपयांच्या घरात येतो, म्हणजे हा पगार इथल्या साधारण ७२ ते ८४ हजारांच्या तोलाचा.

मात्र जो पौंड गावी पाठवला, तो पुऱ्या ११० रुपयांचाच. म्हणून विचारायचे ते पगाराचे नव्हे, शिलकीचे. पेडण्यात स्वतःच्या घरी राहून ३० हजार कमावणारा आणि बंगळुरूत भाडे भरून ५० हजार कमावणारा, यांची शिल्लक पुष्कळदा सारखीच निघते. पुढची पगारवाढ मात्र बंगळुरूत जलद, हेही खरे.

अमिरातीत पगारावर प्राप्तिकर नाही. ग्रॅच्युइटी पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला २१ दिवसांची व पुढे ३० दिवसांची, पण मूळ वेतनावर. करारात भत्ते फुगवून मूळ वेतन बारीक ठेवलेले असते, तिथे नजर टाकावी. पोर्तुगीज पासपोर्टवाल्यांनीही ध्यानात ठेवावे: २०२१ पासून ब्रिटनमध्ये नव्याने नोकरीला जायचे तर व्हिसा लागतो.

आता आपला गोवा. दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीच्या दुपटीहून अधिक, तरी मुले बाहेर का जातात? कारण दरडोई उत्पन्न म्हणजे पगार नव्हे. औषध कारखाने, पर्यटन, खाणी यांचे सारे उत्पन्न त्यात मोजले जाते. त्यातले पदवीधराच्या पाकिटात किती येते हे त्यावरून कळत नाही. डिचोलीत खाणी जोरात होत्या तेव्हा ट्रकमालक बँकेतल्या कारकुनाहून जास्त कमवायचा. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी थांबल्या, हप्ते थांबले नाहीत. पेडण्यात जानेवारी २०२३ पासून मोपा विमानतळ चालू आहे. तिथली नोकरी घेताना ती विमानतळ कंपनीची की कंत्राटदाराची, हे आधी विचारावे.

घर गहाण ठेवून परदेशी शिक्षणाचे कर्ज काढणाऱ्यांनी एक जाणावे: हप्ते शिक्षणानंतर सुरू होतात, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढते. गोवा शिक्षण विकास महामंडळाच्या बिनव्याजी कर्जाची चौकशी त्याआधी करावी.